विचारा तर खरं : टेकडीवर झाडं, नदीत मासे आणि लॅबमधल्या चिलटांचं काय?

या महिन्यात पत्रं जरा जास्तच आलीत, आणि निम्मी टेकडीवरची आहेत. जून तोंडावर आला की पुण्यात रेनकोट, वारी आणि वृक्षारोपण हे तिन्ही विषय एकदम निघतात त्यामुळे आश्चर्य नाही. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण मागच्या वेळी नाव छापलं म्हणून एका काकांना त्यांच्या सोसायटीत बरंच ऐकून घ्यावं लागलं म्हणे.

प्रश्न : आमचा कोथरूडचा मॉर्निंग वॉकवाल्यांचा ग्रुप आहे, दर पावसाळ्यात वेताळ टेकडीवर झाडं लावतो. परवा ग्रुपवर एकाने बातमी टाकली की पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या लोकांनी जुनी मराठी गाणी-गोष्टी वाचून सिद्ध केलंय की आपल्याकडे जंगल कधी नव्हतंच, सबब झाडं लावायची गरज नाही. यावरून इतकी वादावादी झाली की दोघं ग्रुप सोडून गेले. खरं काय ते एकदा सांगा.

उत्तर : पहिलं काम म्हणजे त्या दोघांना परत ॲड करा, कारण बातमी अर्धी बरोबर आहे आणि अर्धी फॉरवर्ड होता होता बिघडलीये.

संशोधन खरं आहे. २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' नावाच्या जर्नलमध्ये आलंय, अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा आणि आपल्या पुण्याच्या आयसरचा असे दोन मराठी संशोधक त्यात आहेत. त्यांनी काय केलं तर ओव्या, लोकगीतं, देवस्थानांच्या कथा, संतांच्या आठवणी असं जुनं मराठी साहित्य घेतलं आणि त्यात जिथे जिथे ठरावीक गावाचं किंवा जागेचं नाव आणि तिथल्या रानझाडाचं नाव सोबत येतं तेवढे उल्लेख बाजूला काढले. यातले सगळ्यात जुने उल्लेख साधारण साडेसातशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे यादवकाळापर्यंत मागे जातात. रानातल्या ४४ वनस्पती सापडल्या, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या, गवताळ, काटेरी मुलखातल्या निघाल्या. हिवर, बाभूळ, तरटी, पळस, बोर वगैरे मंडळी. पंढरपूरला विठोबाच्या देवळात कान्होपात्रेचं म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचंच, म्हणजे हे झाड आपल्या डोळ्यांसमोर होतंच, फक्त त्याच्याकडे पुरावा म्हणून कुणी बघितलं नव्हतं.

आता यात एवढं विशेष काय? तर इतकी वर्षं आपण सगळे (शाळेच्या पुस्तकापासून सरकारी फाइलीपर्यंत) असं धरून चाललो होतो की पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडचे माळ म्हणजे पूर्वीचं घनदाट जंगल, ते इंग्रजांनी तोडलं, मग गुरांनी खाल्लं आणि उरलं ते हे. म्हणून त्याला सातबाऱ्यावर पडीक म्हणायचं आणि संधी मिळाली की खड्डे खणून रोपं लावायची. पण ही गोष्ट खरी असेल तर इंग्रज यायच्या आधीच्या साहित्यात तिथे दाट जंगलाची झाडं दिसायला हवीत ना, ती दिसत नाहीत. गवताळ मुलूख इथे आधीपासून आहे. आपल्या उपखंडात असल्या गवतांचा पसारा सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच वाढला हे शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून आणि मातीवरून कळतं, तेव्हा कुऱ्हाड सोडा, माणूसही नव्हता.

पण, आणि हा पण मोठा आहे. हे सगळं सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कोरड्या बाजूबद्दल आहे. ताम्हिणीला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून गाडीने दीड-दोन तासांवर पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे, बारामती-इंदापूरकडे त्याहून कमी. ताम्हिणीचं, मुळशीचं जंगल हे जंगलच आहे, तिथली देवराई तोडून कुणी 'हा माळच होता' म्हणायला लागलं तर त्याला हा पेपर दाखवू नका. आणि माळावर झाडं नव्हतीच असंही कुणी म्हटलेलं नाही, होती पण विखुरलेली, मध्ये मध्ये गवत, उन्हं जमिनीपर्यंत येणारी. शास्त्रात याला सवाना म्हणतात. आफ्रिकेतला म्हटला की आपण तिकीट काढून बघायला जातो, बारामतीजवळच्या सुप्याचा म्हटला की कंपाउंड घालतो.

आता तुमची टेकडी. वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, तळजाईवर तुम्हाला जी हिरवी गर्दी दिसते त्यात गिरिपुष्प केवढं आहे ते एकदा मोजा. उंदीरमारी म्हणतात ती, ग्लिरिसिडिया. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, गेल्या शतकात लवकर वाढतं, गुरं खात नाहीत, कमी पाण्यात जगतं म्हणून लावलं गेलं आणि खरंच जगलं, इतकं जगलं की त्याच्याखाली दुसरं काही फारसं येत नाही. त्या सावलीत जे गेलं त्याची यादी करायची तर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, पावसाळ्यात दोन-तीन आठवडेच दिसणाऱ्या भुईआमऱ्या आणि कंदीलपुष्पं, जमिनीवर अंडी घालणारे चंडोल आणि माळटिटव्या. चंडोलाला झाड नको असतं हो, त्याला उघडी जमीन लागते, झाड आलं की त्यावर बसून कावळा त्याचं घरटं बघतो. साईक्सचा चंडोल म्हणून जो पक्षी आहे तो आपल्या दख्खनच्या माळांवरचा, १८३० च्या आसपास पुण्याकडे काम करणाऱ्या कर्नल साईक्सने त्याची शास्त्रीय नोंद केली म्हणून त्याचं नाव (या साहेबांची गाठ पुढे माशांच्या प्रश्नात परत पडणार आहे).

ग्रुपमध्ये कोणीतरी कार्बनचा मुद्दा काढणार, काढू द्या. गवताळ जमिनीतला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वर आग लागली तरी तो जात नाही. वर दिसत नाही म्हणून मोजला जात नाही एवढंच. आणि रोप लावायला खड्डा खणला की आधी त्याच मातीची उलथापालथ होते.

मग ग्रुपने करायचं काय? माझं मत विचाराल तर टेकडीवर नवीन झाड लावणं यंदा थांबवा आणि तोच उत्साह रस्त्याच्या कडेला, सोसायटीत, शाळेच्या आवारात वापरा, तिथे सावलीची खरी गरज आहे आणि तिथे लावलेल्या झाडाला मे महिन्यात पाणी घालायला माणूसही मिळतो. टेकडीवर हात शिवशिवतच असतील तर वनखात्याच्या परवानगीने गिरिपुष्पाची बारकी रोपं उपटायचं काम आहे, फोटो तितके छान येत नाहीत पण घाम तेवढाच येतो. आणि एक पूर्ण वर्ष एकाच ठिकाणचे फोटो काढा, दर पंधरा दिवसांनी, गवतातल्या प्रत्येक फुलाचे. मग ठरवा ती जागा रिकामी आहे का.

प्रश्न : तळेगावजवळ आगीनंतर फुलणारं झुडूप सापडलं असं वाचलं. म्हणजे वणवे चांगले असतात का? आमच्या शेजारच्या डोंगराला दर वर्षी कोणीतरी काडी लावतं आणि आम्ही विझवायला पळतो.

उत्तर : झुडपाची बातमी बरोबर आहे. डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा नाव, आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, तळेगाव-दाभाडेच्या गवताळ उतारांवरून. एक्स्प्रेसवेने लाखो लोक ज्या डोंगराशेजारून जातात तिथलं आहे हे. त्याची गंमत म्हणजे ते वर्षातून दोनदा फुलतं, एकदा पाऊस संपल्यावर नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत सावकाश, आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, आग लागून गेल्यावर, जमिनीतल्या लाकडासारख्या टणक बुंध्यातून थेट बुटके फुलोरे वर येतात, पानं नावाला. भारतात असं वागणारी झाडं फार थोडी माहीत आहेत, आफ्रिकेत बरीच आहेत. याचा अर्थ असा की हा मुलूख अधूनमधून जळायचा, आणि त्याची सवय व्हायला वनस्पतींना भरपूर काळ मिळालेला आहे. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, गवताळ मुलूख जुना आहे.

पण 'आगीची सवय आहे' आणि 'दर वर्षी काडी लावा' यात फरक आहे. चंडोल, टिटव्या, रातवे यांची घरटी मार्च ते जूनमध्येच जमिनीवर असतात. सरडे, कासवं, फुलपाखरांच्या अळ्या पळून कुठे जाणार. दर वर्षी, तोच डोंगर, आणि तोही भर उन्हाळ्यात जळत राहिला तर आगीला तोंड देणारीच चार गवतं उरतात आणि बाकीची जातात. त्यात आता डोंगराच्या पायथ्याशी घरं आहेत. तेव्हा पळत जाऊन विझवता ते बरोबरच आहे, फक्त विझवल्यावर पंधरा दिवसांनी परत एकदा तिथे चक्कर मारा, काय उगवलंय ते बघायला. फोटो मलाही पाठवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कारंज्याच्या टाकीत मासे खूप झालेत, ते मुळा नदीत सोडावेत असं कमिटीत ठरतंय. शिवाय एका सभासदांची सूचना आहे की वर्गणी काढून महाशीरची पिल्लं आणून सोडू, नदी सुधारेल. आपलं मत? (बाणेर)

उत्तर : टाकीतले सोडू नका. दुसरं वाक्य लिहायचीही गरज नव्हती पण कमिटीला कारण लागतं म्हणून लिहिते.

टाकीत बहुतेक गप्पी असतील, नाहीतर तिलापिया, किंवा अॅक्वेरियमच्या दुकानातला तो काचेला चिकटणारा सकर. हे सगळे परदेशी. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला, डासांसाठी गंबुसिया त्याच्याही आधी, १९२८ मध्ये. दोघांनाही घाण पाणी, कमी ऑक्सिजन चालतो, पिल्लं भरपूर होतात, आणि मूळच्या माशांची अंडी-पिल्लं त्यांना आवडतात. गप्पी हौदात, बंद टाक्यांत डासांच्या अळ्या खायला सोडतात ते ठीक, नदीत त्याचं काम नाही. मित्रमंडळींत वाटून टाका किंवा दुकानदाराला परत द्या, काही दुकानदार घेतात.

आता महाशीर, आणि हा विषय मला स्वतःला फार आवडतो म्हणून लांबण लागणार. वर ज्यांचा उल्लेख केला ते कर्नल साईक्स, कंपनी सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर होते, आणि रिकाम्या वेळात पक्षी, मासे जे दिसेल त्याची नोंद करायचे. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांवर जे लिहिलं त्यात खुद्री हा महाशीर पहिल्यांदा शास्त्राला माहीत झाला, आणि तो मासा कुठला होता तर आपल्या मुळा-मुठेचा, पुण्याच्या पूर्वेकडचा. आजही जगभरात कुठेही या माशाचं शास्त्रीय नाव लिहितात, टॉर खुद्री, तेव्हा त्याचं मूळ ठिकाण म्हणून मुळा-मुठाच सांगावी लागते. त्या यादीत शिंगटी, कोळूस, ताकरी अशी नावं पण आहेत, साहेबाने कोळ्यांना विचारून तशीच्या तशी लॅटिनच्या शेपटीला बांधली. संगमावरच्या पुलावर उभं राहून नाकाला रुमाल लावताना हे कधीतरी आठवून बघा.

पुढे १९४२ मध्ये फ्रेझर नावाच्या गृहस्थांनी पुण्याच्या माशांची यादी केली, आणि नंतर दोन हजारच्या आसपास पुण्यातल्याच कॉलेजांच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी नि विद्यार्थ्यांनी परत जाळी टाकून पाहणी केली. या जुन्या याद्या आहेत म्हणून तर आपल्याला कळतं की काय गेलं. शहरातल्या पट्ट्यातून बरेच मूळचे मासे नाहीसे झालेत आणि बाहेरचे आलेत. उरलेत ते बहुतेक वरच्या अंगाला, धरणांच्या मागे, मावळातल्या ओढ्यांत.

मग महाशीर आणून सोडला तर चांगलंच ना? लोणावळ्याला टाटांच्या तळ्यावर १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास करतात, मोठं काम आहे, डॉ. सी. व्ही. कुलकर्णींसारख्या माणसाने ते उभं केलं. पण त्यातली खुद्रीची पिल्लं सदिच्छेने देशभर गेली, कावेरीतही गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. आपली खुद्री तिथे अशी रुजली की तो नारिंगी मासा मागे हटत गेला. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या वह्यांमधल्या नोंदी तपासून हे लक्षात आलं. आणि कहर म्हणजे त्या माशाला धड शास्त्रीय नावसुद्धा चिकटवलेलं नव्हतं, ते २०१८ मध्ये ठरलं, टॉर रेमादेवी, आणि नाव ठरल्याबरोबर त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणूनच झाली.

पुण्याच्या बाबतीत खुद्री परकी नाही हे खरं. पण बाणेरजवळच्या मुळेत पिल्लं सोडाल तर ती त्या पाण्यात जगणार कशी? महाशीरला वाहतं, थंड, ऑक्सिजनवालं पाणी लागतं, तळाला दगडगोटे लागतात. सांडपाणी थांबल्याशिवाय पिल्लं सोडणं म्हणजे वर्गणी नदीत सोडणं. देहूला इंद्रायणीच्या डोहात महाशीर राहिला तो कुणी आणून सोडला म्हणून नाही, श्रद्धेने कुणी धरला नाही म्हणून, आणि तिथेही खरी काळजी आता वरून येणाऱ्या पाण्याची आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातही तीच रीत. वर्गणी जमलीच असेल तर तुमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, नीट चालतो का ते तपासून घ्या, बाणेर-बालेवाडीत हा प्रश्न विचारला की कमिट्या एकदम गप्प होतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी आयसरमध्ये प्रोजेक्ट करते. म्हणजे नेमकं काय तर केळ्यावर बसतात ती चिलटं वाढवते. रविवारी सकाळी सात वाजता जाते, रात्री परत जाते, 'माश्या थांबत नाहीत' म्हणते. हे खरं शिक्षण आहे का? नातेवाइकांना काय सांगू?

उत्तर : नातेवाइकांना सांगा की या चिलटांवर काम करून निदान सहा वेळा नोबेल मिळालंय, मग ते आपोआप विषय बदलतील.

फळमाशी, ड्रोसोफिला. पंचवीस अंशांना ठेवली की अंड्यापासून नवी माशी दहा दिवसांत तयार. म्हणजे वर्षात तीसेक पिढ्या, माणसाच्या बाबतीत तेवढ्या बघायच्या तर शिवाजी महाराजांच्याही आधीपासून वह्या लिहाव्या लागल्या असत्या. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. आणि माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी पाऊण जनुकांचा जोडीदार या माशीत सापडतो. झोप, शरीरातलं घड्याळ, अवयव कुठे उगवायचा हे ठरवणारी जनुकं, हे सगळं आधी इथे कळलं. पुण्यात आयसरच्या जीवशास्त्र विभागात माशीवर काम करणारे बरेच गट आहेत, कुणी उत्क्रांती डोळ्यांसमोर घडताना बघतात, कुणी पंख आणि त्यामागचा तोल सांभाळणारा छोटा अवयव कसा घडतो ते. २०२० च्या जानेवारीत आशिया-पॅसिफिक भागातल्या माशीवाल्यांची मोठी परिषद पाषाणलाच झाली होती. आणि अगदी ताजी गोष्ट, २०२४ मध्ये प्रौढ माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला, एक लाख एकोणचाळीस हजारांवर पेशी आणि त्यांच्यातले काही कोटी जोड, सगळे मांडलेले. खसखशीच्या दाण्याएवढा मेंदू आहे तो.

रविवारचं कारण वेगळं आहे. क्रॉस, म्हणजे ठरवून निवडलेल्या नर-मादीची जोडी, लावायचा तर मादी अजून नराला न भेटलेली हवी, आणि माशी कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांत जोडी जुळवायला तयार होते. म्हणून सकाळी बाटल्या रिकाम्या करायच्या आणि त्यानंतर आठ तासांच्या आत नव्याने निघालेल्या माद्या ब्रशने वेचून वेगळ्या ठेवायच्या. माशीला रविवार कळत नाही. थोडं थंडीत, अठरा अंशांना ठेवलं तर वेळ वाढवून मिळतो, रात्रीचा हेलपाटा वाचतो, हे तुमच्या मुलीला नक्की माहीत असणार, तरी ती जाते म्हणजे मन लागलंय तिचं. अंगाला मक्याच्या लापशीचा आणि यीस्टचा वास येत असेल तर तो माश्यांच्या खाण्याचा आहे, घाबरू नका.

प्रश्न : ग्यालरीत कबुतरांना दाणे घालतो, शेजारी भांडतात. शास्त्र काय म्हणतं? (शनिवार पेठ)

उत्तर : शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसाला कायमची इजा होते. दाणे बंद करा.

प्रश्न : भोरजवळ ओढ्यात एक बेडूक सापडला, पुस्तकात कुठेच जुळत नाही. नवीन जात असेल तर आईचं नाव देता येईल का? प्रक्रिया काय?

उत्तर : आईचं नाव देता येतं. स्वतःचं स्वतः द्यायचं नाही असा संकेत आहे, आई चालते.

पण आधी हे, बेडूक पकडून बरणीत घातला असेल तर आत्ताच्या आत्ता सोडा. वन्यजीव कायदा आहे, जैवविविधता कायदा आहे, नमुना गोळा करायला रीतसर परवानगी लागते आणि ती संस्थेमार्फत मिळते. तुम्ही फक्त चांगले फोटो (वरून, बाजूने, पोटाचे, बोटांमधल्या पडद्याचे), जागा, तारीख, आणि जमलं तर मोबाइलवर त्याचा आवाज घ्या. बेडकाच्या बाबतीत आवाज हा ओळखपत्रासारखा असतो. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे बेडूकवाले लोक बसलेलेच असतात.

नव्वद टक्के वेळा निघतं काय तर आधीच माहीत असलेली जात, जरा वेगळ्या रंगाची. दहा टक्के उरतात तिथे खरं काम सुरू, जुन्या नमुन्यांशी मापं जुळवणं, डीएनए, आणि मग एक नमुना ठरवून दिलेल्या संग्रहात कायमचा जमा करणं. प्राणी असेल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, वनस्पती असेल तर कोरेगाव रोडला वनस्पती सर्वेक्षणाचं, १९५५ पासूनचं, शिवाय आघारकरचा संग्रह. यात वर्षं जातात. आंबोलीचा इंडिराना चिरावासी हा बेडूक, जांभ्याच्या चिरांमध्ये राहणारा, २०१४ मध्ये जाहीर झाला त्यात पुण्यातल्या कॉलेजच्या प्राध्यापकांचंच काम होतं. आणि नाव दिल्याचं उदाहरण हवं तर कात्रजचं सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांच्या नावाने २०१६ मध्ये एका खापरखवल्या जातीच्या सापाचं नाव ठेवलंय, मेलॅनोफिडियम खैरेई. तेव्हा भोरचा बेडूक अशक्य नाही. फोटो पाठवा आधी.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, बायोलॉजी आवडतं पण नीट द्यायची नाही म्हणतो. पुढे पोट भरेल का?

उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि विचारणारे दर वेळी 'डॉक्टर नाही तर काय' याच सुरात विचारतात, मुलाचा सूर वेगळा असतो.

रस्ते आहेत. आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्यासाठी आयएटी नावाची त्यांची स्वतःची परीक्षा. विद्यापीठात इंटिग्रेटेड बायोटेक. नाहीतर फर्ग्युसन, मॉडर्न, गरवारे अशा कॉलेजात साधं बीएस्सी झूलॉजी, बॉटनी, मायक्रो, त्याला कमी लेखू नका, वरचे मासे-बेडकांचे अभ्यास अशाच विभागांतून, तुटपुंज्या ग्रँटवर झालेत. गरवारेत एमएस्सी जैवविविधता पण आहे. गणित सोडू देऊ नका त्याला, आजचं जीवशास्त्र निम्मं कॉम्प्युटरवर होतं. पैशाचं सरळ सांगते, पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, नेट-जेआरएफ ही सरकारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि घरभाडं, ते कधीकधी महिनोन्‌महिने रखडतं. नंतर कायम नोकऱ्या कमी आहेत. लस, औषधं, डायग्नोस्टिक या कंपन्या पुण्यात बऱ्याच, तिथे एमएस्सीवरही काम मिळतं. पोट भरतं. बंगला व्हायला वेळ लागतो.

प्रश्न : सुट्टीत मुलांना असं काही दाखवायचंय, पुण्यात कुठे नेऊ? संस्था आत सोडत नाहीत.

उत्तर : एरवी गेटवर अडवतात खरं, पण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या आसपास, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण अशा बऱ्याच संस्था लोकांना आत घेतात, तारखा त्या त्या वेबसाइटवर जानेवारीअखेर बघायला लागा. खोडद नारायणगावच्या पुढे आहे, सकाळी लवकर निघा, नाहीतर दुपारी चाकणच्या ट्रॅफिकमध्येच विज्ञान दिन साजरा होईल. फेब्रुवारीतच चार दिवसांची पक्षीगणना असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्यात गेटबिटचा प्रश्नच नाही, गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलंत तरी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंद धरतात.

आत्ता जून तोंडावर आहे तर गणेशखिंडीचं जुनं उद्यान बघा, १८७३ पासूनची बाग, ३३ हेक्टर, २०२० मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं तरी निम्म्या औंधकरांना माहीत नाही. कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राची जागा आहे, आधी विचारून जा. आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, फक्त पाच चौरस किलोमीटरचं आहे, चिंकारा दिसतो, पहिल्या पावसानंतर जुलै-ऑगस्टमध्ये गवत वर आलं की जा. त्या भागातल्या माळांवर लांडगेही आहेत, गावठी कुत्र्यांशी त्यांचा संकर होतोय हे जनुकीय तपासणीत दिसलंय, त्यामुळे मुलांबरोबर घरचं कुत्रं असेल तर ते घरीच ठेवा, निदान पट्ट्यात ठेवा. डबा न्या, वाटेत मोरगावला दर्शन होतं, आणि गाडी माळावर घालू नका, टिटवीची अंडी दगडांसारखीच दिसतात.